पंचाच्या बोटातलं ब्लेड

"आज ब्लेड नको, विष्णू."

रंगराव हे म्हणाला तेव्हा मी ब्लेडच मोडत होतो. प्राथमिक शाळेचा चौथीचा वर्ग आम्हाला कपडे बदलायला दिला होता. फळ्यावर गुरुजींनी सतराचा पाढा लिहून ठेवलेला, आणि त्याच्याखाली एकशे दहा किलोचा टायगर रंगराव लाल चड्डीवर उठाबशा काढत होता. अंग तापलं की रक्त लवकर येतं, म्हणून या उठाबशा मीच त्याला शिकवलेल्या.

"काय म्हणालास?"

"ब्लेड नको म्हटलं. आज रक्त काढायचं न्हाई."

"डोकं फिरलंय का तुझं? मग पोरांना हुतूतू दाखवायचा का?"

त्यानं उठाबशा थांबवल्या आणि खाली फरशीवर बसला.

मी कोण ते सांगतो. मी विष्णू काशीद, धंद्यानं न्हावी, आणि चौऱ्याऐंशी सालापर्यंत शिराळकरांच्या फ्रीस्टाईल कुस्ती कंपनीचा पंच. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. आमच्या कुस्तीचा निकाल आदल्या दिवशी जेवताना ठरायचा. कुणी कुणाला उचलायचं, कुणी कधी आपटायचं, कुणाचे पाय दोरीत अडकायचे, सगळं ठरलेलं. लोकांनाही ते अर्धंमुर्धं ठाऊक असायचं. पण शेवटच्या कुस्तीत टायगर रंगरावाच्या कपाळातून रक्ताची धार लागली की सगळ्या मैदानाच्या काळजाचा ठोका चुकायचा. बाया तोंडावर पदर घ्यायच्या. "मेला, मेला!" असा एकच गलका. ते रक्त खरं असायचं आणि ते मी काढायचो.

त्यात माझी कला होती, उगीच नम्रपणा कशाला करू? ब्लेडचा कोपरा मोडायचा, चिकटपट्टीत असा गुंडाळायचा की तिळाएवढं टोक बाहेर राहील, आणि तो बोटाला बांधलेल्या पट्टीत दडवायचा. पहिलवान पालथा पडला की "हरलास का? बोल!" म्हणत मी त्याच्या तोंडावर वाकायचो. लोकांना माझी पाठ दिसायची. केसांची रेघ सुरू होते तिथं एक चीर, नखाएवढी. रक्त थोडंच यायचं, पण घामात मिसळलं की बालदीभर दिसायचं. दुसऱ्या कंपन्यांतले पहिलवान स्वतःच्या हातानं कापून घ्यायचे. कुणाची भुवई जायची, कुणाला टाके पडायचे. माझ्या हातचं कापलेलं महिन्यात भरून यायचं. न्हाव्याचा हात आहे, थट्टा नाही.

"आबा येणार हायती," रंगराव फरशीकडं बघत म्हणाला.

"कोण आबा?"

"आबा वस्ताद. जत्रेच्या पंचकमिटीनं बोलावलंय त्यास्नी. पुढं खुर्चीवर बसणार."

आता मला उलगडा झाला. आबा वस्ताद घोरपडे म्हणजे त्या भागातली शेवटची जुनी असामी. ऐंशीच्या घरातले, अजून रोज तालमीत जाऊन कट्ट्यावर बसणारे. रंगराव त्यांच्या हाताखाली दहा वर्षं लाल मातीत लोळला. मग गुडघा मोडला, खरी कुस्ती संपली, आणि आमच्या शिराळकर तात्यांनी त्याला उचलून कंपनीत आणला. तेव्हा आबांनी एवढंच सांगितलं होतं, "जा. पोट हाय, जाच. पण माझं नाव लावू नगंस."

मातीतल्या पहिलवानाला याचा अर्थ विचारा. मैदानात जोड लावताना पुकारतात ना, 'अमक्या वस्तादांचा पठ्ठा तमका' म्हणून? ते गेलं की बापाचं नाव गेल्यासारखंच. सात वर्षं तात्या त्याला 'टायगर, टायगर' म्हणून पुकारायचे आणि सात वर्षं हा माणूस कर्ण्याकडं कान देऊन असा उभा राहायचा, की वाटावं पुढं अजून काहीतरी म्हणायचं राहिलंय.

"मग चांगलंच आहे की," मी म्हणालो. "बघू देत की आबांना तुझं रक्त. आपल्या खेळात सगळं लटकं आहे, रंगा. उचलणं लटकं, पडणं लटकं. एक रक्तच तेवढं अस्सल. तेच काढून टाकलंस तर राहिलं काय?"

"म्हणूनच नको. मातीत रक्त येतं तवा कुणाचीतरी चूक असती. आबा म्हणायचे, रक्त आलं म्हंजे कुस्ती बिघडली. आन् आपण ते मुद्दाम काढायचं? त्यांच्या म्होरं?"

"बरं," मी म्हणालो. "नाही काढत."

"शपथ?"

"अरे, नाही म्हणतोय ना!"

तेवढ्यात तात्या शिराळकर दारात आले. तात्यांचा पूर्वी तंबूतला सिनेमा होता, त्यामुळं त्यांना प्रत्येक गोष्ट पोस्टरावर कशी दिसेल तेवढंच कळायचं. पोस्टरावर त्यांनी 'रक्ताचा सडा' असं लाल शाईनं छापून घेतलं होतं, आणि 'सडा'च्या प्रत्येक अक्षरातून थेंब गळत होते. ते आमचं शेवटचं बोलणं ऐकूनच आत आले असावेत.

"काय नाही काढत?" त्यांनी विचारलं. "विष्णू, चार हजार माणूस बसलंय बाहेर. ती काय तुझं शिट्टी फुंकणं बघायला आलीत? रक्त निघालं नाही तर उद्यापासून वस्तरा घेऊन पारावर बस. मी दुसरा पंच बघतो."

"बसेन की," मी म्हणालो. "पारावर सावली बरी असते."

तात्यांना असं तोंडावर बोलणारा मी एकटाच. ते पाय आपटत गेले. आणि मी, खरं सांगतो, रंगरावाची पाठ वळल्यावर ब्लेडचा तो कोपरा बोटाच्या पट्टीत सरकवला. वापरायचं म्हणून नाही हो. सात वर्षांत त्याच्याशिवाय मी रिंगणात गेलोच नव्हतो.

चारला शेवटची कुस्ती लागली. समोर पहिल्या रांगेत, जत्रेच्या पुढाऱ्यांच्या मधोमध, आबा बसले होते. अंगानं वाळलेले, पण खांदे अजून दाराच्या चौकटीएवढे. कान मोडून मोडून कळीसारखे मिटलेले. डोक्याला गुलाबी फेटा, खांद्यावर उपरणं, आणि दोन्ही हात काठीवर. रंगराव दोरीवरून आत आला, त्यांच्याकडं बघून त्यानं कपाळाला हात लावला. आबांनी मान हलवली की नाही, मला दिसलं नाही. रंगरावालाही दिसलं नसावं, कारण त्याचा चेहरा उतरला.

मग काळा कोब्रा आला. कोब्रा म्हणजे आमचा शंकर लोहार. बाहेर इतका गरीब की गाडीत खिडकीची जागासुद्धा मागायचा नाही, पण तोंडावर काळा मुखवटा चढला की अंगात यायचं. आल्या आल्या त्यानं कोपऱ्यातल्या खांबाला धमकी दिली, मग खांबाला ठोसा मारला, आणि हात दुखला म्हणून एका पायावर सगळ्या रिंगणभर नाचला. मग माझी शिट्टी पळवली. मी मागायला गेलो तर चड्डीत टाकली. पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. रंगरावानं त्याला उचलला, फिरवला, खाली ठेवला. कोब्रा भेलकांडत जाऊन दोरीला "आई!" म्हणून बिलगला. सगळं झकास चाललं होतं.

ठरल्याप्रमाणं कोब्रानं रंगरावाला पाडला आणि मी नेहमीसारखा वाकलो. एरवी हीच ब्लेडची जागा. आज मी नुसतंच ओरडलो, "हरलास का? बोल!"

रंगरावानं माझं मनगट दोनदा दाबलं.

ती आमची खूण होती. दोनदा दाबलं म्हणजे काप.

"काय रे?" मी ओठ न हलवता विचारलं.

"काढ."

"अरे पण मघाशी तूच..."

"आबांनी तोंड झाकलंय. बघ त्यांच्याकडं. मघापास्नं मान खाली घालून बसल्यात. त्यास्नी बघवंना, विष्णू. लाज वाटतीया त्यास्नी माझी. काढ तू. एक तरी खरं दिसू दे माझं."

मी बगलेखालून बघितलं. आबांची मान खरंच खाली होती. उपरणं तोंडावर घट्ट धरलेलं, आणि ते खांदे हलत होते. शेजारचा पुढारी वाकून त्यांना पाणी हवं का विचारत होता.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. शब्द दिला होता, तोच पाळायचा होता, आणि मी पंच होतो. पण मला बरं वाटलं. आतून बरं वाटलं, की बघ, शेवटी माझ्याशिवाय अडलंच ना? बोटातलं टोक मी त्याच्या केसांच्या रेघेवर टेकवलं आणि ओढलं. त्याच वेळी कोब्रानं ठरल्याप्रमाणं त्याच्या पाठीवर उडी घेतली. एरवी मी 'हं' म्हटल्याशिवाय तो उडी घेत नसे, पण आज ब्लेड नाही हे मीच त्याला सांगून ठेवलं होतं, मग तो बिचारा कशाला थांबेल? रंगरावाचं डोकं हिसडलं आणि नखाएवढी चीर बोटाएवढी झाली.

रक्त नुसतं आलं नाही, उसळलं. डोळा भरला, मिशी भरली, छातीवर ओघळ आला. रंगराव उठून उभा राहिला तेव्हा सबंध मैदानाचा श्वास अडकला. शंकर लोहारानं ते बघितलं मात्र, मुखवट्याच्या आत "अगं आई गं" म्हणाला आणि खरोखरच खाली बसला. त्याला रक्त बघवायचं नाही. एरवी एवढं रक्त नसायचंच. मी शिट्टी शोधत होतो. ती अजून कोब्राच्या चड्डीत होती.

"रक्त!"

हा आवाज म्हाताऱ्याचा वाटलाच नाही. आबा उभे राहिले होते. काठी टाकून दिली होती.

"रक्त आलंया! कुस्ती सोडवा!"

आमच्या भागात मातीच्या मैदानावरचा हा रिवाज. अंगावर रक्त दिसलं की वस्तादांपैकी कुणीही हाळी द्यावी, आणि हाळी आली की कुस्ती तिथंच सुटली. मग जिंकत आलेला असो की हरत आलेला. पण आमचं ते मैदान नव्हतंच. तो खेळ होता. खुळं व्हावं असा प्रकार! तात्या कर्ण्यावरून "बसा, आबा, बसा, हे आपलं..." एवढंच म्हणाले आणि पुढं काय म्हणावं ते त्यांना सुचेना. खोटं आहे असं कर्ण्यावरून सांगणार कसं? आणि चार हजार माणूस, ज्यांना सगळं ठाऊक होतं, ती सगळीच्या सगळी लाल मातीत वाढलेली माणसं, उठून उभी राहिली आणि ओरडायला लागली, "सोडवा! सोडवा! सोडवा!"

चौघांनी आबांना उचलून रिंगणात दिलं. ते दोरीखालून आत आले, माझ्याकडं ढुंकून न बघता माझ्या पुढनं गेले, आणि दोघा पहिलवानांच्या मधे जाऊन उभे राहिले. शंकरचा एक हात धरून त्याला उठवलं. दुसऱ्या हातानं रंगरावाचं मनगट धरलं. मग दोन्ही हात वर केले. बरोबरी.

तात्यांनी गडबडीत कर्णा त्यांच्या तोंडाशी नेला. आबा एवढंच बोलले, "कुस्ती बरोबरीत सोडवली हाय. ह्यो रंगराव खोचीकर. माझा पठ्ठा हाय."

असा टाळ्यांचा कडकडाट मी पुन्हा ऐकला नाही. फेटे उडाले. रंगराव सरळ उभा होता, तोंडावर रक्त, आणि तो माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, जिंकला गडी! सात वर्षांचं सगळं एका चिरेत फिटलं. मी त्याला डोळा घातला. त्यानं नजर काढून घेतली.

चौथीच्या वर्गात आम्ही आलो तेव्हा मागून आबाही आले. शंकर बाहेर पायरीवर डोकं गुडघ्यात घालून बसला होता. मी तुरटी पाण्यात बुडवली, पण रंगरावानं माझा हात बाजूला सारला आणि आबांच्या पुढं जमिनीवर बसला.

"आबा, तुमी नाव घेतलंसा," तो म्हणाला. "ते माघारी घ्या."

"का रं?"

"ते रक्त खेळताना आलं न्हाई. मी सांगितलं आन् विष्णूनं ब्लेडनं काढलं. सगळ्यांम्होरं तुमची फसगत झाली माझ्यापायी."

बोलू नको म्हणून मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो. आत्ता तर मिळालं होतं त्याला ते! कुणाला कळलं असतं? पण तो माझ्याकडं बघतच नव्हता.

आबा बाकावर टेकले. "मला कळत न्हाई व्हय?" ते म्हणाले. "पडून फुटलेली कपाळं शंभर बघितल्यात मी. ती अशी सरळ फुटत न्हाईत."

"मग हाळी का दिलीसा?"

"रक्त आलं म्हणून. दुसरं काय कारण लागतं? ब्लेडनं आलं काय आन् दगडानं आलं काय, ते तुझंच व्हतं न्हवं?" मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पंच ह्यो हाय. ह्यानं सोडवायची. ह्यो तर सोडवंना. मग म्हटलं, आपणच उठावं."

मी हातातली तुरटी उगीचच परत पाण्यात बुडवली.

"चारचौघात बोललेलं मी माघारी घेत न्हाई," आबा रंगरावाला म्हणाले. "पण मला एक सांग. मघापर्यंत इतकं झ्याक चाललं व्हतं. मधीच ह्ये काय काढलंस?"

"तुमी मान खाली घातलीसा," रंगराव म्हणाला. "उपरणं तोंडाला लावलंसा. मला वाटलं, तुमास्नी लाज वाटली माझी."

"लाज?" आबा म्हणाले. "आरं येड्या, हसत व्हतो मी! तुझ्या त्या काळ्या नागानं खांबाला बुक्की मारली आन् नाचाय लागला, तवापास्नं माझं हसूच थांबंना. तोंडात दात न्हाईत माझ्या. चार माणसांत बोळकं कुठं दाखवू? म्हणून झाकलं. म्हातारी गेल्यापास्नं येवढा हसलो नव्हतो मी. ह्यो शेजारचा पुढारी पाणी घ्या म्हणतोय, आन् मी डोळं पुसतोय."

रंगरावाचं तोंड उघडंच राहिलं. माझंही.

"खोटी खेळतोस तर खोटी खेळ की," आबा म्हणाले. "गुडघा मोडला तवा मला राग आला व्हता, ते खरं. माझा सोन्यासारखा गडी गेला म्हणून आला व्हता. पण माणसं हसतात, पोरं उड्या मारतात, ह्यात वंगाळ काय हाय? मी उद्याबी येईन बघाय."

नेमके तेवढ्यात तात्या धावत आत आले. तोंड फुललेलं, घामानं डबडबलेले. "आबा! अहो काय रंग भरलात! विष्णू, ऐक. पुढच्या गावापासून हेच करायचं. एक फेटेवाला म्हातारा बघू, पहिल्या रांगेत बसवू. रक्त आलं की त्यानं उठायचं, 'सोडवा' म्हणायचं..."

"तात्या," मी म्हणालो, "म्हातारा बघा नाहीतर तरणा बघा. रक्त मी काढणार नाही."

"मग कोण काढणार?"

"तुम्ही काढा. हे घ्या." मी बोटाची पट्टी सोडली आणि ब्लेडचा कोपरा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्याला रक्त लागलेलं होतं. तात्यांनी तो विंचू असल्यासारखा झटकून टाकला आणि धोतराला हात पुसला. सात वर्षं रक्त विकणाऱ्या माणसाला त्याचा थेंब हाताला लागलेला चालेना. "बघू, बघू, पुढचं पुढं," असं पुटपुटत ते निघून गेले. पुढच्या गावी पोस्टरावरचा सडा नव्हता, एवढं सांगतो. आणि गर्दी तेवढीच होती.

पण ते नंतर. त्या वेळी वर्गात आम्ही तिघंच उरलो. आबा पुढं झुकले. रंगरावाच्या कपाळावरचे ओले केस त्यांनी मागं सारले आणि अंगठा त्या केसांच्या रेघेवरून हळूहळू फिरवायला लागले. माझ्या हातच्या जुन्या चिरा, ज्या दिसत नाहीत म्हणून मी फुशारकी मारत हिंडायचो, त्या त्यांच्या अंगठ्याला एकेक लागत होत्या. प्रत्येकीवर अंगठा थांबायचा. मी मोजत नव्हतो, पण वेळ फार लागला.

"दुखतं का रं?" त्यांनी विचारलं.

सात वर्षं तो माणूस माझ्या हाताखाली वाकत होता. दर जत्रेला, दर उरुसाला. मी त्याला रक्त किती येईल ते सांगितलं, व्रण राहणार नाही ते सांगितलं, लोक कसे ओरडले तेही सांगितलं. हे एवढंच कधी विचारलं नव्हतं.

"दुखतंय, आबा," रंगराव म्हणाला. "दर टायमाला लई दुखतं." आणि एकशे दहा किलोचा तो गडी आबांच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागला.

आबांनी फेट्याचा शेव फाडला, त्याच्या कपाळाला गुंडाळला. पण त्यांची बोटं वाताची, गाठ बसेना.

"बघतोस काय नुसता?" ते मला म्हणाले. "ये, बांध. हळू बांध."

मी गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही हातांनी गाठ मारली.